पुन्हा शिपाई

बाबा, मी पुन्हा फौजेत भरती झालो. दोन वर्षं होत आली आता. चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, गावात तेरा महिने काढले आणि परत गेलो. माजी सैनिकांना परत घेणारी एक कोर असते. दारूगोळ्याचे डेपो, कारखाने असल्या जागांची राखण करणं हे तिचं काम. तिथे मागची रँक धरत नाहीत. हवालदार असो की नायक, शिपायापासून सुरुवात करायची. म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तुमचा मुलगा शिपाई आहे आणि मध्य प्रदेशातल्या एका डेपोच्या गेटवर उभा असतो. गावात हे फक्त तुमच्या सुनेला माहीत आहे. बाकी सगळे मला अजून हवालदार साहेब म्हणतात, आणि मी ओ देतो.

सध्या सुट्टीवर आलोय. ओसरीत बसून लिहितोय. तुमच्याशी कधी असल्या भाषेत बोललो नाही, पण पेन हातात घेतलं की शाळेतली मराठी येते, त्याला इलाज नाही. तुम्हाला पत्र लिहायची सवय मला तशी आहेच. पहिली दहा वर्षं दर महिन्याला एक आंतरदेशीय टाकायचो आणि ते तुम्ही स्वतःच पोस्टातून उचलून आणायचे, कारण गावाचं सरकारी टपाल आणायला संग्रामपूरला तुम्हालाच जावं लागायचं. मजकूर ठरलेला. मी बरा आहे, थंडी फार आहे, मायला सांगा काळजी करू नको. खरं काही मी त्यात लिहायचो नाही. तुम्ही पण उत्तरात पाऊस आणि कपाशी याच्यापलीकडे जायचे नाहीत.

ही गोष्ट तुम्हालाच सांगायची कारण मला भीती तुमचीच वाटते. तुम्ही गावचे कोतवाल. तलाठ्याच्या चावडीच्या दाराशी तुमची जागा. आत साहेब, खुर्चीवर गावातले मोठे शेतकरी, आणि दाराच्या चौकटीला खांदा न लावता ताठ उभे तुम्ही. हाक आली की आत, काम झालं की परत दारात. मी सहावीत होतो. तहसीलदाराची जीप आली म्हणून तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता, छातीवरचा पितळी बिल्ला चिंच लावून घासला होता, आणि मला ते इतकं भारी वाटलं की मी शाळा सुटल्यावर धावत आलो आणि तुमच्याच बाजूला दारात उभा राहिलो, छाती काढून. जीपमधून उतरलेला कुणीतरी हसला आणि म्हणाला, वा, पुढचा कोतवाल तयार आहे. तुम्ही पण हसले. घरी आल्यावर मात्र तुम्ही मला मारलं. तुम्ही कधी हात लावत नव्हते, म्हणून माय पण दचकली. तुम्ही म्हणाले, “दारावर उभं राह्याचं माह्यासंग संपलं पाह्यजे. वावरात राब, गवंड्याच्या हाताखाली जाय. पण कोनाच्या दारावर उभा राहू नको.” मी दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही जळगाव जामोदच्या बाजारातून मला कॅनव्हासचे बूट आणले, एक नंबर मोठे. पुढची दोन वर्षं ते पुरले.

भरती झालो तेव्हा तुम्ही खूश होते, पण जरा बिचकूनच होते. फौजेत पण दारावर उभं करतात का, असं मला स्टँडवर विचारलं होतं. मी म्हणालो, नाही, बंदूक देतात. ते अर्धं खोटं होतं. बंदूक देऊन दारावरच उभं करतात, निदान सुरुवातीला. मग फिती लागल्या. आधी एक, लान्सनायकाची, मग दुसरी, नायकाची. दुसरी लागल्यावर सुट्टीवर आलो तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. सकाळी सकाळी तुम्ही म्हणता, वर्दी घाल, तलाठ्याकडे उताऱ्याचं काम हाय. तुम्ही दिवसभर त्याच चावडीत असायचे, उतारा तुम्हाला कधीही मिळाला असता. मला कळलं होतं, तरी मी घातली. दोन एकराच्या उताऱ्यासाठी मी कडक इस्त्रीत तुमच्या मागे चाललोय, माय दारातून बघतेय. तलाठ्यानं बाहीकडे पाहिलं आणि म्हणाला, या या, बसा. खुर्ची पुढे केली. तुम्ही तुमच्या जागेवर जाऊन उभे राहिले. मी म्हणालो, बाबा, तुम्ही पण बसा ना. तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलं. मी एक क्षण थांबलो आणि बसलो. चहा आला तो पण प्यालो. परत येताना तुम्ही माझ्यापुढे चार पावलं, भेटेल त्याला सांगत, “पोरगं नायक झालं. सायबानं खुर्ची देल्ली.” मला त्या दिवशी खूप अभिमान वाटला होता. लाज नंतर वाटायला लागली, बऱ्याच वर्षांनी.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेले. मी जम्मूहून तिसऱ्या दिवशी पोचलो. तिसरी फीत तुम्ही पाहिली नाही. माय पण दोन वर्षांत तुमच्या मागे गेली.

पेन्शनीत आलो तेव्हा गावानं माझी मिरवणूक काढली. हल्ली सगळीकडे काढतात, तुमच्या काळात हे नव्हतं. उघडी जीप, डीजे, आपल्या विहारापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत. फ्लेक्सवर माझा फोटो, बाजूला रणगाडा आणि वर लढाऊ विमान. बाबा, मी पायदळातला माणूस, विमानात बसलो ते एकदाच, लेहहून खाली येताना, आणि उलटी केली होती. पण जीपवर उभं राहून हात हलवताना मी ते कुणाला सांगितलं नाही. ज्या गल्लीतून तुम्ही डफडं वाजवत दवंडी देत जायचे, त्याच गल्लीत लोक ओसरीवरून फुलं टाकत होते. मला रडू आलं, आणि मी ते पुसलं नाही.

मिरवणूक एक दिवस असते, तिच्यानंतर रोजच दिवस उगवतो. मी पाचला उठायचो आणि करायला काही नाही. मग मी घरच्यांची परेड घ्यायला लागलो. चपला एका रेषेत, जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला, म्हशीला पाणी टाइमावर. म्हैस बिचारी ऐकत होती, तुमची सून ऐकेना. बुलढाण्याला नर्सिंग शिकणारी तुमची नात सुट्टीला आली की दोन दिवसांत परत जायची तयारी करायची. एका कॉलेजच्या गेटवर वॉचमनची नोकरी आहे म्हणून एक माणूस सांगायला आला होता. मी त्या माणसाला घरातून जवळजवळ हाकललंच. आपण कोणाच्या दारावर उभं राहत नाही, असं त्याच्या तोंडावर बोललो. तुमचंच वाक्य. आणि मग एका जुन्या साथीदाराचा फोन आला, की कोर परत घेऊन राह्यली, वय बसतं तोवर फॉर्म भर. मी त्याच दिवशी भरला. ते पण दारच आहे हे मला माहीत होतं. शिपाई व्हावं लागेल हे पण माहीत होतं. तुमच्या सुनेला सांगितलं तेव्हा मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, “जा बाप्पा. इथी तुमाले पन सुख नाही अन् आमाले पन.”

पळायची परीक्षा होती, म्हणून रोज सकाळी संग्रामपूरच्या रस्त्यानं पळायला लागलो. लोक विचारायचे, साहेब, काऊन पळून राह्यले? मी सांगितलं, शुगर निघाली. भरतीचं सांगितलं आणि नापास झालो तर तोंड कुठे दाखवायचं? झालं असं की पंधरा दिवसांत आमच्या घरी मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड आणि कारली येऊन पडली. शेजारच्या काकू तर रोज वाटीभर कारल्याचा रस घेऊन उभ्या, आणि मी पिईपर्यंत जायच्या नाहीत. महिनाभर मी तो प्यालो. भरतीच्या मैदानावर आम्ही सगळे चाळिशीच्या पलीकडचे, झाडून सगळ्यांनी केस काळे केलेले, घामानं तो रंग मानेवर उतरलेला. शेवटच्या फेरीत एकाच्या गुडघ्यात काहीतरी सरकलं आणि तो मैदानातच बसला. बसूनच विचारत होता, टाइम किती झाला. मी पास झालो. गावात कुणाला न सांगता पहिल्या एसटीनं निघालो. जीप नाही, डीजे नाही, ट्रंक टपावर.

डेपोतली पहिली हजेरी. समोर गार्ड कमांडर म्हणून एक नायक यादी घेऊन उभा. बाबा, तो साताऱ्याकडचा पोरगा माझ्या हाताखाली शिकला होता. ट्रेनिंग सेंटरला मी उस्ताद होतो तेव्हा रिक्रूट म्हणून आला होता, आणि डावा-उजवा चुकला म्हणून मी त्याला अख्ख्या मैदानाला रायफल डोक्यावर धरून पळवलं होतं. तो पंधरा वर्षांतच, माझ्याआधी पेन्शनीत निघाला, माझ्याआधी इथे आला आणि दोन फिती लावून बसला. माझं नाव आलं तसा तो यादीकडेच बघत राहिला. दोनदा खोकला. मी कडक आवाजात हजर म्हणालो. नंतर तो बराकीच्या मागे मला गाठून म्हणाला, “उस्ताद, मला माफ करा. तुमची ड्यूटी मलाच लावावी लागणार, आन् गेटावर तुमाला नावानं हाक मारावी लागणार.” मी म्हणालो, मार. त्यानं विचारलं, राग आला का? मी नाही म्हणालो. राग आला होता. त्याचा नाही, माझा स्वतःचाच, की मी मान खाली घालून उत्तर दिलं. ती मान वर यायला मला आठवडा लागला.

पण ते बाजूला ठेवून एक सांगतो, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. मला ते काम आवडतं. सकाळची शिफ्ट असली की ट्रक येतात, मी हात वर करतो, ट्रक थांबतो, कागद बघतो, खालून आरसा फिरवतो, डायव्हरचं तोंड बघतो. हो म्हणालो तर जातो, नाही म्हणालो तर कर्नलची गाडी पण थांबते. कोण रोजचा, कोण नवा, कोणाच्या पोटात काय आहे, हे दारावर उभ्या माणसाला आतल्या माणसापेक्षा आधी कळतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला तुम्ही आठवले. तुम्ही घरी येऊन मायला सांगायचे ना, आज अमका चावडीत खोटं बोलणार होता, पायरीवरच्या चालीवरूनच मला समजलं. आम्ही हसायचो. मला तुम्हाला एकच विचारायचं होतं. त्या दाराशी उभं राहण्यात तुम्हाला कधी बरं वाटलं का? बिल्ला रोज घासायला तर कोणी सांगत नव्हतं. मला मारलं ते ठीक, ते का मारलं हे मला आता कळतं. पण बरं वाटत असेल तर तेवढं मला सांगायला पाहिजे होतं. आणि वाटत नसेल, तर तसली तीस वर्षं तुम्ही कशी काढली हे तरी.

आता गावाचं. मी गुपचूप गेलो खरा, पण हवालदार साहेब दिसत नाहीत म्हटल्यावर चौकशी सुरू झाली. तुमच्या सुनेनं सांगितलं, फौजेनं परत घेतलं. ते खरंच होतं. पण दुपारपर्यंत गावच्या ग्रुपवर आलं की आपल्या हवालदार साहेबांच्या अनुभवाची गरज असल्यामुळे सैन्यानं त्यांना खास परत बोलावलं. खाली फुलं, झेंडे, सलाम. मी डेपोत कॉटवर बसून ते वाचलं. उत्तर टाइप केलं, की असं काही नाही, मी अर्ज केला होता आणि आता शिपाई आहे. मग ते पुसलं आणि हात जोडलेलं चित्र टाकलं. तेव्हाच सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण मला ती खुर्ची दिसत होती, बाबा. फिती बघून पुढे केलेली. फिती गेल्या तर परत उभं राहावं लागेल असं वाटलं, सगळ्या गावासमोर.

या ऑगस्टात सुट्टी मिळाली आणि आल्या आल्या सरपंच बाई घरी. पंधरा ऑगस्टचा ग्रामपंचायतीचा झेंडा यंदा तुम्ही चढवायचा, वर्दीत या. आता आली का पंचाईत. माझ्या ट्रंकेत जुनी वर्दी होती, तीन फितींची, आणि बॅगेत नवी, कोऱ्या बाहीची. चौदा तारखेला दुपारी तुमच्या सुनेनं जुनी काढून इस्त्री केली आणि खुंटीला टांगली. म्हणाली, एका दिवसानं काय होते, गावाले काय समजते? मी तिच्यावर ओरडलो. जी रँक आपली नाही ती लावणं याला फौजेत गुन्हा म्हणतात, हे मी तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “मंग सांगून द्या ना लोकाईले. मी तं दोन वर्सापासून म्हनून राह्यली.” मी जाऊन म्हशीला पाणी दाखवलं.

सकाळी मी कोरी बाही घातली. आरशात पाहिलं, पोट आत घेतलं आणि निघालो. वाटलं होतं, मैदानात पाय ठेवल्याबरोबर कुजबुज होईल. काही झालं नाही. शाळेची मुलं, पंचायतीची माणसं, शेजारच्या काकू, सगळ्यांनी वर्दी पाहिली आणि वर्दीच पाहिली. माइकवर नाव घेतलं, आपल्या गावची शान, हवालदार साहेब. मी दोरी ओढली, झेंडा नीट उघडला, राष्ट्रगीत झालं, सलाम ठोकला. ज्याची दोन वर्षं मला धास्ती होती ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. खाली उतरताना मला हलकं वाटत होतं. खरं तर मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, मी तर खरी वर्दी घालून आलो, आता नाही कुणाला कळलं तर माझा काय दोष?

तुमच्या जागेवर आता एक बाई आहेत. चाळिशीच्या असतील. नवरा गेला, मग परीक्षा देऊन कोतवाल म्हणून लागल्या. कट्टा धुणं, चुना मारणं, झेंड्यात फुलं बांधणं, सगळं त्यांनीच केलं होतं, आणि कार्यक्रम चालू असताना मागे पंचायतीच्या दाराशी उभ्या होत्या. लोक पांगल्यावर दोरीची गाठ पक्की करायला आल्या. माझ्या बाहीकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या फिती कुठी गेल्या? मिरवणुकीत तं तीन व्हत्या.” त्यांचा भाऊ पोलिसात हवालदार आहे, त्यालाही तीन आहेत. अख्ख्या गावात विचारलं ते त्यांनीच. आवाजात खोच नव्हती, सरळ विचारलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. इतकी सोपी वेळ मला परत मिळणार नव्हती. आणि मी म्हणालो, नवीन वर्दी हाय, टेलरनं लावल्याच नाही अजून.

“मंग आना ना इकडं,” त्या म्हणाल्या, “माह्या भावाच्या मीच लावतो. टेलरले सरळ लावता येत नाही.”

हाव, आनतो, असं म्हणून मी घरी आलो. काल चावडीवरून गेलो तर त्या दाराशी होत्या, विचारलं, आणल्या का? मी म्हणालो, विसरलो. आज परत विचारलं, मी परत तेच म्हणालो. परवा माझी सुट्टी संपते. हे सगळं तुम्हाला लिहून काय होणार, सांगायचं त्यांना आहे, आणि त्या इथून पाच मिनिटांवर बसतात. हा कागद मी फाडीन किंवा ठेवीन, अजून ठरवलं नाही. पण एक गोष्ट तुमच्या सुनेलाही माहीत नाही. आज मी विसरलो म्हणालो तेव्हा विसरलो नव्हतो. जुन्या वर्दीच्या फिती मी सकाळीच ब्लेडनं उसवून घेतल्या होत्या. कोतवाल बाईंशी बोलत होतो तेव्हा फिती माझ्या खिशात होत्या, सुईदोऱ्यासकट.